पेशीतलं घाटघर

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून जाताना बसच्या खिडकीतून कुजक्या अंड्यासारखा वास आत येतो. शेजारचा प्रवासी रुमाल नाकाला लावतो आणि म्हणतो, "सगळं गटार सोडलंय खाडीत." त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. ठाण्याच्या खाडीत सांडपाणी जातं, हे कोणी नाकारत नाही. पण जिथे सांडपाण्याचा थेंबही पोचत नाही अशा तिवरांच्या रानात चिखल उकरला, तरी थोडाफार हाच वास येतो. कारण हा वास मुळात श्वसनाचा आहे. चिखलातले काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतात. आपल्या श्वसनात ऑक्सिजनचं पाणी होतं, त्यांच्या श्वसनात सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं. आपला कचरा बिनवासाचा आणि त्यांचा वासाचा, एवढाच काय तो नाकाला जाणवणारा फरक.

श्वसन म्हटलं की आपल्याला नाक, छाती, फुप्फुसं आठवतात. पेशीच्या लेखी ही सगळी मालपुरवठ्याची सोय. खरं श्वसन पेशीच्या आत एका अतिशय पातळ पडद्यावर चालतं, आणि त्याचा अर्थ कोरडाच आहे: अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाच्या तरी गळ्यात घालणं. आपण ते ऑक्सिजनच्या गळ्यात घालतो, चिखलातला जीवाणू सल्फेटच्या. घेणारा जितका हावरा, तितकी वाटेत जास्त ऊर्जा मोकळी होते. ॲसिटेटसारख्या साध्या अन्नाचा एक मोल, म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या, घेतला तर ऑक्सिजनकडून सुमारे 850 किलोज्यूल मिळतात, सल्फेटकडून पन्नासच्या आतबाहेर. म्हणून सल्फेटवाल्यांचा संसार कायम काटकसरीचा. तरी ते टिकून आहेत आणि आपल्याआधीपासून आहेत.

आता "जाळणं" या शब्दाकडे वळू, कारण या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा त्यानेच केला आहे. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही जिममध्ये ट्रेडमिलच्या पडद्यावर कॅलरी "बर्न" झाल्याचे आकडे पळत असतात. शाळेतही "अन्नाचं मंद ज्वलन" असं शिकवलं जातं. याचं मूळ जुनं आहे. 1780 च्या दशकात लव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं, किती बर्फ वितळलं ते मोजलं आणि श्वसन हे एक प्रकारचं ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला. हिशोब म्हणून ते खरंच आहे. एक मोल, म्हणजे 180 ग्रॅम ग्लुकोज चुलीत जाळा किंवा पेशीत वापरा, निघणारी एकूण ऊर्जा तेवढीच, सुमारे 2,800 किलोज्यूल. पण दोन्हीकडचं खातं जुळलं म्हणून धंदा एकच आहे असं होत नाही.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिच्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांत आग होती, आगीवर पाणी उकळत होतं आणि वाफ दट्ट्या ढकलत होती. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाला एक तापलेली बाजू लागते आणि एक गार बाजू. त्या दोन्हींतल्या फरकातूनच काम निघतं. पेशीत हा फरक कुठून आणणार? तिची आतली बाजू 37 अंश आणि बाहेरचीही 37 अंश. उष्णता पेशीच्या कामाची नाही, ती निव्वळ गळती आहे. ती आपल्याला ऊबदार ठेवते हा वेगळा फायदा, पण तिने स्नायू हलत नाही. मग पेशीचं काम चालतं कशावर? उत्तर आगगाडीत सापडत नाही. त्यासाठी ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला जावं लागतं. पण तिथे पोचण्याआधी घासाची वाट थोडी चालू.

भाकरी, पाव, भात यांतल्या स्टार्चचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि रक्तातून ते पेशीच्या दाराशी येतं. आत शिरताक्षणी एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसलेलं ग्लुकोज त्याच दाराने बाहेर जाऊ शकत नाही. इथून पुढे दहा पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्या पेशीद्रवात उतरायच्या. यालाच ग्लायकोलायसिस म्हणतात. पहिल्या पाच पायऱ्यांत पेशी पदरचे दोन एटीपी, म्हणजे लगेच वापरायच्या ऊर्जेचे रेणू, खर्च करते, पुढच्या पाचांत चार मिळवते. निव्वळ कमाई दोन एटीपी, शिवाय इलेक्ट्रॉन वाहून नेणारे दोन एनएडीएच. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुवेट झालेले असतात. विद्यार्थी दहा विकरांची नावं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यांतली तिसरी पायरी मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथलं विकर एटीपी साठला की मंदावतं आणि एटीपी संपत आला की जोर धरतं. आपण किती खाल्लं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते फक्त गरज बघतं.

ऑक्सिजन नसेल तर गोष्ट इथेच थांबते. एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन उतरवायला जागा नसली की पेशी ते पायरुवेटवरच लादते आणि वाहक रिकामा करून घेते. दही विरजताना जीवाणू हेच करतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. पावाच्या कणकेत यीस्ट थोड्या वेगळ्या वाटेने जाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायॉक्साइड करतं.

यीस्टचा प्रकार घरी बघता येतो. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात चहाचे दोन चमचे साखर आणि एक चमचा कोरडं यीस्ट घाला, अरुंद तोंडाच्या बाटलीत ओता आणि तोंडावर फुगा चढवा. सोबत दोन बाटल्या आणखी ठेवा, एकीत साखर नाही, दुसरीत साखर आहे पण यीस्ट उकळून घेतलेलं. या दोन नसतील तर पहिलीने काहीच सिद्ध होत नाही. फुगा आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्यायचा, नाहीतर वायू तयार होऊनही तो ताठच राहतो. पाणी 38 ते 40 अंश, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम ऊन लागेल इतकंच. साठ अंशांच्या पुढे गेलात तर पहिल्या बाटलीतलं यीस्टही तिसऱ्या बाटलीसारखंच मेलेलं असेल. आणि जास्त साखर म्हणजे जास्त वायू असंही नाही. साखर फार झाली की ती यीस्टच्या पेशीतलं पाणी ओढून घेते आणि फुगा रुसून बसतो. या प्रयोगाला "यीस्टचं श्वसन" म्हणतात तेव्हा माझी थोडी हरकत असते. हे किण्वन आहे. इलेक्ट्रॉन बाहेरच्या कुणाला दिले गेले नाहीत, घरातल्या घरातच फिरवले.

ऑक्सिजन असेल तर पायरुवेट तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉण्ड्रियात, शिरतं. तिच्या दारावर एक जंगी विकरसमूह बसलेला आहे. तो पायरुवेटमधला एक कार्बन काढून कार्बन डायॉक्साइड म्हणून सोडतो आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा पुढे पाठवतो. या कामाला त्याला ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन लागतं. थायमिन तांदळाच्या कोंड्यात असतं, आणि तांदूळ पांढराशुभ्र केला की कोंड्याबरोबर तेही जातं. जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्या पांढऱ्या भातावर लुळ्या पडल्या आणि कोंड्याच्या तांदळावर बऱ्या झाल्या. त्यातून बेरीबेरीचं मूळ उलगडत गेलं आणि 1929 साली त्यांना नोबेल मिळालं. कोकणातला उकडा तांदूळ इथे शहाणा ठरतो. भात सालासकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं, मग वरचं साल काढलं तरी बरंचसं शिल्लक राहतं. साबुदाणा याच्या बरोबर उलटा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, म्हणजे इंधन भरपूर पण इंधन आत घेणाऱ्या दारवानाचा पगार शून्य. एका उपवासाने काही बिघडत नाही. बिघडतं ते दीर्घकाळ दारू पिणाऱ्या, अन्न तुटलेल्या माणसाला थेट ग्लुकोजची बाटली लावली तर. उरलंसुरलं थायमिन त्या ग्लुकोजमागे संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला थायमिन देण्यात उशीर करायचा नसतो, ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत तरी जायला हवं.

पुढचं क्रेब्ज चक्र भराभर सांगितलं तरी चालेल. दोन कार्बनचा तुकडा चार कार्बनच्या रेणूला जोडला जातो, फेऱ्यात दोन कार्बन डायॉक्साइड सुटतात, चार कार्बनचा रेणू पुन्हा मोकळा होतो. 1937 साली हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र मांडलं, तेव्हा 'नेचर' या नियतकालिकाने जागा नाही म्हणून लेख परत पाठवला होता. चक्रात थेट एटीपी फारसा मिळत नाही. मिळतात ते लादलेले वाहक. एक गोष्ट मात्र इथे नोंदवायला हवी, कारण ती जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. आपण आत घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायॉक्साइड होऊन बाहेर पडत नाही. बाहेर जाणाऱ्या कार्बन डायॉक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो. श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं, दिवसाला साधारण पाव ते तिसरा हिस्सा लिटर. आणि जिमवाल्यांसाठी एक जोड: 10 किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायॉक्साइड म्हणून नाकातोंडावाटे जाते आणि उरलेल्याचं पाणी होतं. ती घामातून वितळून वाहते ही कल्पना टॉवेल विकणाऱ्यांच्या सोयीची आहे.

आता चोंढे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प दोन धरणांचा आहे. वरचं धरण सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरला, खालचं कोकणच्या बाजूला चोंढ्याला. विजेची मागणी कमी असते तेव्हा ग्रिडमधली वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. 125 मेगावॉटचे दोन संच, आणि दोन्ही उलटसुलट चालणारे. एका दिशेने फिरले की टर्बाइन, दुसऱ्या दिशेने फिरले की पंप. पाणी तिथे जळत नाही, संपतही नाही. फक्त उंचीवर धरून ठेवलं जातं.

तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर हुबेहूब हेच चाललेलं असतं. पाण्याच्या जागी प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजनचे कण. वाहकांनी आणलेले इलेक्ट्रॉन पडद्यात रोवलेल्या प्रथिनसंचांमधून एकेक पायरी खाली उतरत ऑक्सिजनकडे जातात, आणि उतरताना मोकळी होणारी ऊर्जा प्रोटॉनना पडद्याच्या पलीकडे ढकलण्यात जाते. एका एनएडीएचमागे दहा प्रोटॉन: पहिल्या संचात चार, तिसऱ्यात चार, चौथ्यात दोन. दुसरा संच पंप करत नाही, म्हणून त्याच्या वाटेने आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीमागे सहाच. पडदा स्वतः प्रोटॉनना सहजी वाट देत नाही, त्यामुळे पलीकडे गर्दी साठत जाते. दोन्ही बाजूंत जेमतेम 0.15 व्होल्टचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ, कारण लोकलच्या डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. पण पडद्याची जाडी पाच-सहा नॅनोमीटर. भागाकार केला तर मीटरमागे तीन कोटी व्होल्टच्या घरातला ताण निघतो. कोरड्या हवेत याच्या दहाव्या हिश्शाला ठिणगी पडते.

या धरणाला एकच मोठा सांडवा आहे, एटीपी सिंथेज, म्हणजे एटीपी घडवणारं विकर. प्रोटॉन त्यातून परत आत येताना त्याचं चाक खरोखरच फिरवतात. सस्तन प्राण्यांत या चाकाला आठ कप्पे असतात. आठ प्रोटॉन आत आले की एक फेरा, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. सेकंदाला शंभरएक फेरे होतात. 1997 साली जपानमधल्या संशोधकांनी या चाकाला एक चमकता तंतू चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकातून बघितला. मजा अशी की त्यांनी ते चाक एटीपी घालून उलटं चालवलं होतं. घाटघरच्या संचासारखंच हेही दोन्ही दिशांनी चालतं. त्याच वर्षी या विकराच्या उलगड्यासाठी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं.

उलट्या दिशेची ही सोय कधीकधी महागात पडते. हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की ऑक्सिजन थांबतो, पंप थांबतात, प्रोटॉनचं धरण ओसरू लागतं. मग तेच चाक उलटं फिरून उरलासुरला एटीपी खात प्रोटॉन बाहेर ढकलायला लागतं. घरातलं धान्य विकून धरण भरण्यातला प्रकार. त्याला आवर घालायला पेशीत एक छोटं प्रथिन असतं. आतला भाग आम्लधर्मी झाला की ते चाकाला अडकून बसतं. ते सगळं वाचवत नाही, नासाडीचा वेग कमी करतं.

ही धरणाची कल्पना 1961 साली पीटर मिचेल यांनी मांडली, तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ती हास्यास्पद वाटली. ते एखादा "जास्त ऊर्जेचा" मधला रेणू शोधत होते आणि तो सापडत नव्हता. मिचेल पुढे विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटून बसले. विरोधकांना गप्प करणाऱ्या प्रयोगांत 1974 चा एक फार देखणा आहे. मेदाच्या कृत्रिम फुग्यात दोनच गोष्टी बसवल्या. एक, अतिखारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप. दुसरी, बैलाच्या हृदयातलं एटीपी सिंथेज. उजेड पाडला आणि एटीपी तयार होऊ लागला. बैल आणि खारट पाण्यातला जीव यांच्यात सामाईक असं दुसरं काही नव्हतंच, होता तो फक्त प्रोटॉनचा चढउतार. मिठागरांतलं पाणी आटत आलं की त्यावर कधीकधी गुलाबी झाक येते, ती अशाच खारप्रेमी जिवांची. मिचेलना 1978 साली नोबेल मिळालं.

धरण म्हटल्यावर जुन्या आणि नव्या पुस्तकांतल्या आकड्यांचं भांडणही सुटतं. एका ग्लुकोजपासून 38 एटीपी, असं पाठ केलेली पिढी नव्या पुस्तकात 30 किंवा 32 बघून गोंधळते. जुन्या हिशोबात एका एनएडीएचचे तीन एटीपी धरले होते, पूर्णांकात, जणू रेणूला रेणू जोडला जातोय. पण इथे रेणूमागे रेणू असा सौदाच नाही. तळ्यात पाणी आलं, तळ्यातून पाणी गेलं. दहा प्रोटॉन वर चढवले, एका एटीपीमागे, त्याचा कच्चा माल आत आणण्याच्या वाहतुकीसकट, सुमारे चार खर्च झाले, म्हणजे अडीच. एटीपी अडीच कसे असतील, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. धरणातून अडीच युनिट वीज निघू शकते, तसे. शिवाय पडदा थोडा पाझरतोच. लहान बाळाच्या खांद्यांमधल्या तपकिरी चरबीत तर तो मुद्दाम पाझरवला जातो, तिथे एक खास प्रथिन प्रोटॉनना चाक न फिरवताच आत घेतं आणि सगळी ऊर्जा ऊब होऊन निघते. हेच काम डायनायट्रोफेनॉल हे रसायन साऱ्या शरीरात करतं. 1930 च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायला विकलं गेलं. वजन उतरलं, काहींचं शरीर आतून तापत जाऊन जीवही गेला, आणि 1938 साली ते बंद झालं. ऑनलाइन ते अजूनही कुठेकुठे विकलं जातं. शरीराला खरंच "बर्न" करायला लावणारं औषध ते हेच.

एटीपीला "ऊर्जेचं चलन" म्हणायची पद्धत आहे. उपमा वाईट नाही, पण चलन साठवता येतं, हे येत नाही. विश्रांतीत आणि हलक्या कामात दिवसाला 420 लिटर ऑक्सिजन लागतो असं धरा, म्हणजे सुमारे 19 मोल. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे साधारण पाच एटीपी, म्हणजे 90 ते 95 मोल. एटीपीचा एक मोल 507 ग्रॅमचा. गुणाकार पंचेचाळीस किलोच्या पुढे जातो. आणि कुठल्याही क्षणी अंगात असतो तो जेमतेम पन्नासेक ग्रॅम, लाडवाएवढा. तोच लाडू दिवसातून नऊशे वेळा मोडायचा आणि वळायचा.

ठाणे स्टेशनच्या पुलावर फास्ट लोकलची घोषणा ऐकून धावणाऱ्या माणसाच्या मांडीत या साठ्याची परीक्षा होते. तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल एवढाच. लगेच फॉस्फोक्रिएटिन पुढे येतं आणि आपलं फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा वळतं, ते साधारण दहा सेकंद पुरतं. पुलाच्या पायऱ्या दहा सेकंदांत संपत नाहीत. मग ग्लायकोलायसिस वेग घेतं, लॅक्टेट, म्हणजे त्या लॅक्टिक आम्लाचंच रूप, साठतं, आणि डब्यात शिरून दांडी धरेपर्यंत तंतुकणिकांचा पुरवठा रुळावर येतो. लॅक्टेट विष नव्हे. हृदय ते खातं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या मांड्यांचा आळही त्याच्यावर घेऊ नये, ते तासाभरात निघून गेलेलं असतं.

फॉस्फोक्रिएटिन शोधणाऱ्यांत एक आपल्या देशातला माणूस होता, आणि त्याचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं. आंध्रातल्या भीमवरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी 1927 साली फॉस्फोक्रिएटिन आणि 1929 साली एटीपी वेगळं काढलं. जर्मनीत लोमान यांनाही एटीपी त्याच वर्षी सापडलं. फॉस्फरस मोजायची फिस्क-सुब्बाराव पद्धत जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना आजही भेटते. आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये जे "क्रिएटिनिन" छापून येतं ती याच फॉस्फोक्रिएटिनची राख, स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात निघणारी. ती मूत्रपिंडांनी काढून टाकायची असते. म्हणून रक्तात वाढली की मूत्रपिंडांकडे बोट जातं. पिळदार अंगाच्या तरुणाचा आकडा मुळात थोडा वर असतो, तेव्हा लगेच घाबरून जाण्याचं कारण नाही.

त्याच लॅबमध्ये साखरेसाठीचं रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात. नळीत सोडियम फ्लोराइड असतं. रक्त अंगाबाहेर आलं तरी पेशी जिवंतच असतात आणि नळीतलं ग्लुकोज खात बसतात, साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के. लाल पेशींना तर तंतुकणिकाच नसतात, त्यांचं सगळं घर ग्लायकोलायसिसच्या दोन एटीपींवर चालतं. ऑक्सिजन वाहणाऱ्याने ऑक्सिजन खायचा नाही, असा करार. फ्लोराइड नवव्या पायरीचं विकर अडवतं. पण अडवण ताबडतोब होत नाही, तास-दोन तास जातात. त्यामुळे घरून गोळा केलेली नळी मे महिन्याच्या उन्हात बॅगेतून फिरत राहिली, तर फ्लोराइड असूनही साखर थोडी कमीच दिसते, आणि साध्या नळीत बरीच कमी. मधुमेह्याचा रिपोर्ट अचानक "सुधारला" तर आधी नळी किती वाजता भरली आणि यंत्रात किती वाजता गेली, हे विचारावं.

आता पुन्हा त्या वासाकडे. हायड्रोजन सल्फाइड चौथ्या प्रथिनसंचाला जाऊन चिकटतो, जिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला द्यायचे असतात. सायनाइडही नेमका तिथेच बसतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो घेता येत नाही. पुलावरच्या वाऱ्यात हा वायू नाक मुरडण्यापुरता असतो. बंद गटारात, मलटाकीत, इमारतीच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात तो साठतो आणि तिथे गोष्ट वेगळी होते. थोडा असेल तर वास येतो. प्रमाण शंभर-दीडशे पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर-दीडशे भागांच्या, पुढे गेलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, हवा साफ झाली. सातशे ते हजारपर्यंत गेलं की एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. वर उभा असलेला त्याला काढायला तसाच उतरतो आणि तोही कोसळतो. मृतांचा आकडा वर्तमानपत्रात दोन-तीन असा येतो तो याच कारणाने. माणसाला असं उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. कुणी आत पडलं असेल तर वरच्याने उतरायचं नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं, झाकणं उघडी टाकायची, ताजी हवा आत फेकायची. रुमाल ओला करून तोंडाला बांधण्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

आणि हाच वायू ज्याचा श्वास आहे, तो जीवाणू खाडीच्या चिखलात मजेत असतो. तिथे ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच झिरपतो. त्याखाली आधी नायट्रेट वापरलं जातं, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की कार्बन डायॉक्साइडवर भागवून मिथेन सोडणारे. उत्तम स्वीकारणारा आधी संपतो, मग त्याखालचा. चिखल काळा दिसतो तो सल्फाइड आणि लोह एकत्र आल्याने. तिवरांची मुळं या बिनहवेच्या थरात गुदमरतील, म्हणून ती पेन्सिलीसारखी श्वसनमुळं चिखलाबाहेर वर काढतात आणि ओहोटीत हवा ओढून घेतात. त्यांच्यावर राडारोडा टाकला की झाड बुंध्याला कुऱ्हाड न लावताही वाळतं.

यातला प्रत्येक श्वसन करणारा जीव, सल्फेटवाला, लोहवाला, तिवराच्या मुळातली पेशी, तेच धरण बांधून बसलेला आहे. पडदा, पंप, चाक. जीवाणूचं धरण त्याच्या स्वतःच्या वेष्टनावर, आपलं तंतुकणिकेच्या. तंतुकणिका हीसुद्धा एकेकाळी स्वतंत्र जीवाणूच होती, हे 1967 साली लिन मार्ग्युलिस यांनी ठामपणे मांडलं. तिचा स्वतःचा गोलाकार डीएनए आजही तिच्यात आहे, माणसात 16,569 अक्षरांचा, आणि तो आईकडूनच येतो.

हिवाळ्यात या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. चोच उलटी करून पाणी गाळतात, आणि लहान रोहित या जातीच्या चोचीत जे अडकतं त्यात नीलहरित जीवाणू असतात, म्हणजे पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा भरणाऱ्यांचे वंशज. अडीचएक अब्ज वर्षांपूर्वी त्यांनी पाणी फोडून सोडलेला ऑक्सिजन हवेत साठू लागला, तोपर्यंत जग ऑक्सिजनवाचूनच्या काटकसरीत चाललं होतं. भरती आली की पक्षी उठून दुसरीकडे जातात. श्वसनमुळं बुडतात, वास थांबतो, आणि चिखलाच्या खालच्या थरातून मिथेनचा एखादा बुडबुडा वर येऊन फुटतो.